पुढच्या उन्हाळ्याचं माप

ता. ३

प्रिय मावशी,

"वाढत्या अंगाचं माप आजचं घेत नाहीत, पुढच्या उन्हाळ्याचं घेतात."

तुझ्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. तेही माझ्याशी नाही, बाबांशी बोललीस. मी नऊ वर्षांची, तुझ्या दुकानात स्टुलावर हात पसरून उभी. आई गेल्यापासून बाबांना कपड्यांतलं काही कळेनासं झालं होतं, त्यामुळे गणवेश गुडघ्याच्या खाली लोंबतोय असं ते भीत भीतच म्हणाले. तू तोंडातल्या टाचण्यासुद्धा न काढता त्यांना गप्प केलंस. पुढचा उन्हाळा आला तेव्हा तो गणवेश मला नेमका बसत होता आणि तू बाबांशी लग्न करून आमच्या घरी राहायला आली होतीस.

आज हे आठवायला कारण झालं. एक बाई मुलाला घेऊन आमच्या चष्म्याच्या दुकानात आल्या. मी डोळे तपासले, नंबर काढला, तर म्हणाल्या, जरा वाढता नंबर देऊन टाका, म्हणजे दोन वर्षं बघायला नको. मला हसू आवरेना. डोळ्यांचं माप आजचंच घ्यावं लागतं, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. पटल्यासारख्या काही दिसल्या नाहीत. तुझं गिऱ्हाईक म्हणून शोभल्या असत्या.

फोन केला असता, पण फोनवर तू "सगळं बरं आहे, गिऱ्हाईक उभं आहे" याच्या पुढे जात नाहीस. म्हणून पत्र. तूही पत्रच लिही, दुकानाच्या पत्त्यावर, तिथे लवकर मिळतं.

उन्हाळा संपता संपता येईन, नेहमीसारखी. या वेळी थोडे जास्त दिवस राहीन म्हणते, रजा शिल्लक आहे. तुझा जावई बरा आहे. कामात असतो.

आणखी एक. बाबांच्या मागे घर माझ्या नावावर झालं तेव्हापासून तू भिंतीत खिळा ठोकायचा तरी मला विचारतेस. हे बंद कर. घर तुझं आहे. फक्त तिथलं काही हलवू नकोस. मी इथे डोळे मिटून बसले की ते जसं दिसतं, तसंच राहू दे.

तुझी,
टाचणी


ता. ७

प्रिय टाचणीस,

पत्र मिळालं. आठवणी काढायला तुला बरी फुरसत मिळते. मला इथे मान वर करता येत नाही. आया सबंध सुट्टीभर निवांत असतात आणि शाळा उघडायला आल्या की एकदम जाग्या होतात. शेजारचे बूटवाले काका रोज डोकावून जातात, कोणाकडे गर्दी जास्त ते मोजायला. आता त्यांनी स्वतःच्या दुकानाबाहेर दोन खुर्च्या मांडल्यात. माझ्याकडे ताटकळून दमलेल्या आया तिथे बसतात, आणि त्या बसल्या की काका पोरांच्या पायांत बूट चढवायला लागतात. या माणसाचं डोकं असल्याच गोष्टींत चालतं.

यंदा मात्र माझी चांगलीच फजिती झाली. तुला म्हणून सांगते. छोट्या शाळेचे झगे मी सगळेच्या सगळे नेमके बेतले. खाली दुमडायला बोटभरही कापड ठेवलं नाही. इतकी वर्षं कात्री आपोआप चार बोटं खाली जायची, यंदा गेलीच नाही. पहिली मुलगी झगा घालून आरशासमोर उभी राहिली, तर इतकी गोड दिसत होती की मीही बघत बसले. मग तिची आजी म्हणाली, "अहो, ही तर शाळेच्या फाटकापर्यंत जाईतो वाढेल." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आता प्रत्येक झग्याला खालून पट्टी जोडत बसलेय. काका म्हणाले, बाई, तुमचं वय झालं. मी म्हटलं, तुमच्या बुटांचं चामडं किती वर्षांचं आहे ते आधी बघा.

दोन मशिनींपैकी जुनी काढून टाकली. एकटीला एक पुरते. तुला विचारायला हवं होतं का? बघ, पुन्हा विचारलं.

तू किती दिवस राहणार, दोन की चार, ते नक्की कळव. आलीस की एक गोष्ट बोलायची आहे. घाबरण्यासारखं काही नाही. जावईबापूंना हिवाळ्यात खोकला होता, तो गेला ना? त्यांना माझे आशीर्वाद सांग.

तुझी,
मावशी


ता. १०

प्रिय मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मावशी, डोळे शेवटचे कधी तपासलेस?

हसण्यावारी नेऊ नकोस. तुझ्यासारखी कात्री चालवणारी बाई एका शाळेचे सगळे झगे चुकते, हे मला साधं वाटत नाही. माझ्याकडे रोज अशी माणसं येतात. अंधूक दिसायला लागलेलं असतं, पण घरात सांगत नाहीत. अंदाजानं चालतात, अंदाजानं जिना उतरतात, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसालाही पत्ता लागत नाही.

मी सांगते तसं कर. दुकानाच्या दारात उभी राहा. एक डोळा तळहातानं झाक, दाबू नकोस. दुसऱ्यानं समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी वाच. मग डोळा बदल. मग दाराच्या उभ्या चौकटीकडे बघ, ती सरळ दिसते की मधेच वाकल्यासारखी वाटते? संध्याकाळी दिव्याभोवती कडं दिसतं का? सगळं खरं खरं लिही. बोलायची गोष्ट म्हणालीस ती हीच असेल, तर मी येईपर्यंत थांबू नकोस.

दोन की चार दिवस असं विचारतेस. कायमचीच आले तर? सुईत दोरा ओवून द्यायला तुला कोणीतरी लागेलच. चेष्टा करतेय.

तुझी,
टाचणी


ता. १३

प्रिय टाचणीस,

तुझी तपासणी पार पडली. मी एक डोळा झाकून दारात उभी राहिले तर बूटवाले काका धावत आले, डोळ्यात काही गेलं का म्हणून. कारण सांगितलं, तर म्हणाले मीपण वाचतो. मी दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीनं पाटी वाचली, तिच्या खालचा बारीक मजकूरसुद्धा वाचला. काकांनी वाचलं ते त्या पाटीवर लिहिलेलंच नव्हतं. आता रुसून बसलेत. चौकट सरळ आहे, दिव्याला कडं नाही, सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. तेव्हा माझ्या डोळ्यांची काळजी सोड. आलीस की काकांचे बघ.

झगे चुकले ते लक्ष दुसरीकडे होतं म्हणून. हाताला वेगळी सवय लागली होती, इतकंच. पट्ट्या जोडून झाल्या. पोरींना त्या इतक्या आवडल्या की मोठ्या शाळेच्या मुली विचारायला आल्या, आमच्या झग्यांना का नाहीत.

कायमची येते वगैरे चेष्टेतसुद्धा म्हणू नये. भरलं घर आहे तुझं, चांगला नवरा आहे. ह्यांना शेवटच्या दुखण्यात एवढाच तर आधार होता, टाचणीचं सगळं मार्गी लागलं म्हणायचे. तू दोन दिवस ये, आराम कर आणि हसत परत जा. मला तेवढं पुरे.

तुझी,
मावशी


ता. १६

प्रिय मावशी,

"हाताला वेगळी सवय लागली होती." चष्म्याच्या काचा पुसता पुसता हे वाक्य डोक्यात घोळत होतं, आणि अचानक उलगडा झाला.

तू मोठ्या माणसांचे कपडे शिवतेयस. नेमक्या मापाचे. थोडेथोडके नाहीत, चांगले महिनाभर तरी शिवले असणार. त्याशिवाय तुझी कात्री त्या चार बोटांना विसरायची नाही. माझ्या लहानपणी आमच्या गणिताच्या बाई ब्लाउज घेऊन आल्या होत्या, तर तू त्यांना दारातूनच परत पाठवलं होतंस. आपल्याकडे फक्त वाढती माणसं येतात, म्हणाली होतीस. मग आता कोण आलं?

मी बराच विचार केला. कोणा एका माणसाचे शर्ट असतील, तर मला सांगायला लाजू नकोस. बाबांना जाऊन वर्ष व्हायचंय हे खरं, पण मी काही वर्ष मोजत बसणारी मुलगी नाही. माणूस चांगला असला की झालं. फक्त ते बूटवाले काका नाहीत ना, एवढं आधी लिही.

तुझी,
टाचणी


ता. १९

प्रिय टाचणीस,

कोणाचे शर्ट आणि कोणाचं काय! तुझं पत्र मी दुकानात उभ्यानं वाचलं. माझा चेहरा बघून काकांनी पाण्याचा पेला आणून दिला. ज्यांच्यावरून हसू येत होतं तेच पाणी घेऊन उभे, मला ठसकाच लागला. तसलं काही नाही. पण ओळखलंस मात्र बरोबर. दुकानात वाढलेल्या मुलीपासून काही लपवायचं तर चुकासुद्धा जपून करायला हव्यात.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला इथल्या सभागृहात एक नाटक मंडळी आली होती. त्यांच्या कपडेपटाच्या बाई, म्हणजे नाटकातले सगळे कपडे ज्यांच्या ताब्यात असतात त्या, एका सकाळी दुकानात आल्या. हातात राणीचा झगा, पाठीवर उभा फाटलेला. प्रयोग त्याच संध्याकाळी. मी म्हटलं, मी पोरांचे गणवेश शिवते. त्या म्हणाल्या, आमची राणी आत्ता पोरासारखीच रडत बसलीय, शिवा. शिवला. संध्याकाळी मागच्या रांगेत जाऊन बसले. नाटक काय होतं विचारू नकोस, मी सबंध वेळ राणीची पाठच बघत होते. टाके कुठे घातलेत ते मलाही सापडलं नाही.

मग त्या रोज काही ना काही आणायला लागल्या. एकदा त्यांचा म्हातारा नट आला, राजाचा अंगरखा नव्यानं बेतायचा होता. मी छातीचं माप घेतलं आणि सवयीनं टेप चार बोटं पुढे सरकवली. तो अगदी साधेपणानं म्हणाला, "बाई, मी आता वाढायचा नाही. आहे एवढाच."

मला काय झालं कळेना. आत जाऊन उगीचच कपाट आवरलं. सबंध आयुष्य मी जे शिवलं ते पुढच्या वर्षासाठी. आजच्या माणसाला आजच शोभेल असं कधी शिवलंच नव्हतं. घरातही तसंच. आधी तुझी शाळा, मग तुझं शिक्षण, तुझं लग्न, मग ह्यांचं दुखणं. नेहमी पुढचं बघत राहिले. रडगाणं गात नाही मी, आनंदानं केलं सगळं. पण त्या अंगरख्याचं शेवटचं बटण लावलं आणि तो म्हातारा आरशासमोर ताठ झाला, तेव्हा वाटलं, हेही मला येतं.

मोठ्या शहरात त्यांचं स्वतःचं नाटकघर आहे. उन्हाळा संपला की त्यांचा हंगाम सुरू होतो. बाई म्हणतात, तुम्ही या, माझ्या हाताखाली नको, माझ्या बरोबरीनं. राहायला वरच्या मजल्यावर खोली देतात. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय.

गेले तर घर बंद करावं लागेल. तू येशील तेव्हा मी येऊन उघडीन, पण दर वेळी जमेलच असं नाही. सासरहून दमून आलेल्या पोरीला माहेरच्या दाराला कुलूप दिसावं, हे मला सोसवत नाही. तुझे बाबा नाहीत, आई नाही. उरले मी. म्हणून विचारते, आणि या वेळी खिळ्यासारखं नाही, खरंच विचारते. तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही आणि मनातही ठेवणार नाही.

तुझी,
मावशी


ता. २५

टाचणी,

तुझं उत्तर आलं नाही. तू कधी असं करत नाहीस. पत्र गहाळ झालं असेल म्हणून एक दिवस गेला, तू रागावलीस म्हणून दुसरा. काल बाईंना नकार लिहून टाकला. आणि आज दुपारी न राहवून तुझ्या घरी फोन केला.

जावईबापूंनी उचलला, माझी चौकशी केली. मग म्हणाले, "ती इथे राहत नाही, मावशी. हिवाळ्यापासून." त्यांनीच विचारलं, तुम्हाला सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, सांगितलं होतं, वय झालं, विसरले. तुझी बाजू राखायला खोटं बोलले. ते काही वेडंवाकडं बोलले नाहीत. तू दुकानामागेच राहतेस एवढं सांगितलं आणि तिला त्रास देऊ नका म्हणाले.

पोरी, तू कायमची येते म्हणालीस आणि मी तुला भरलं घर ऐकवलं. दोन की चार दिवस, ते विचारत बसले. आता मी हे पत्र शटर अर्धं खाली ओढून लिहितेय. बाहेर दोन आया उभ्या आहेत, काकांनी त्यांना खुर्च्यांवर बसवलंय.

तुझी खोली झाडून ठेवली. ये. दिवस विचारणार नाही, कारण विचारणार नाही. मी कुठे जात नाही.

मावशी


ता. २८

प्रिय मावशी,

आधी महत्त्वाचं. आज सकाळी मी नाटकघरात फोन केला. कपडेपटाच्या बाईंना म्हटलं, मी त्यांची मुलगी बोलतेय. त्या म्हणाल्या, तुमच्या आईंचं पत्र आलंय, पण आम्ही सगळी पत्रं एक तारखेला फोडतो, तोवर काही आलंच नाही असं समजतो. मी विचारलं, मग न फोडताच आत नकार आहे हे तुम्हाला कसं कळलं? तर मोठ्यानं हसल्या. मला आवडल्या त्या. तुझी जागा तशीच आहे. मी तुझ्या वतीनं हो म्हटलंय.

आता माझं. तुझ्या जावयाचं काही चुकलं नाही. तो चांगला, मीही बरी. आम्ही घरात एकमेकांना वाट देत चालायचो. दारात समोरासमोर आलो की तू आधी, नाही तू आधी, असं म्हणून दोघंही मागे फिरायचो. कितीतरी वर्षं असंच चाललं. बाबा गेल्यावर मी तिकडून परत आले, त्यानं माझी बॅग हातातून घेतली, "दमलीस का" विचारलं, आणि मला पाहुणी असल्यासारखं वाटलं. दुकानामागे एक खोली आहे, तिथे राहते. खिडकीतून दुसऱ्या कोणाचं तरी वाळत घातलेलं दिसतं. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू स्वतःच कशीबशी उभी होतीस. नंतर इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटायला लागली.

उन्हाळाभर मी एकाच गोष्टीवर दिवस काढले. उन्हाळा संपला की घरी जायचं. तू दार उघडशील, एक अक्षर विचारणार नाहीस, पान वाढशील. काही हलवू नकोस असं तुला लिहिलं, ते सामानाबद्दल नव्हतं.

त्यामुळे तुझं नाटकाचं पत्र आलं तेव्हा मला राग आला. लहान मुलासारखा, पाय आपटावेसे वाटणारा राग. जाऊ नकोस असं लिहिलं आणि फाडलं. जा असं लिहिलं, तेही फाडलं, कारण ते कोणालाही खरं वाटलं नसतं. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काचा बदलत विचारत राहिले, आता कसं दिसतंय, आणि आता? आणि तुला द्यायचं उत्तर तसंच पडून राहिलं.

मग काल तुझं पत्र आलं. "मी कुठे जात नाही." हेच तर मला ऐकायचं होतं. वाचून जिवाला बरं वाटायला हवं होतं. ते वाटेचना. सारखी तू दिसत होतीस, अर्ध्या शटरच्या आत बसलेली. मी चौतीस वर्षांची आहे, मावशी. नवऱ्याचं घर सोडून आलेय, ते तुला दाराशी बांधून ठेवायला नाही.

तेव्हा असं करू. मी तीसला येते. एक दिवस दोघी घरात राहू आणि त्या दिवसात तू मला सगळं दाखव. पाण्याची मोटर, वरच्या खिडकीची अडकणारी कडी, आणि बूटवाल्या काकांना किती वेळ बोलू द्यायचं ते. मग तू जा. दुकान मला दे, मी तिथे चष्म्यांचं दुकान मांडते. काकांना फोनवर कल्पना दिली. आधी म्हणाले, गणवेश गेले तर माझे बूट कोण घेणार? मग थोड्या वेळानं म्हणाले, एका परीनं बरंच आहे, निदान दुकानांच्या पाट्या तरी लोकांना वाचता येतील. त्यांचा रुसवा अजून गेलेला नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

घराला कुलूप लागणार नाही. तुला रजा मिळाली की ये. दमून आलीस तर मी एक अक्षर विचारणार नाही. दोन की चार दिवस, एवढंच आधी कळव.

आता एक मागणं आहे. पहिले काही महिने मला हे जमायचं नाही. दुकान बंद करून त्या घरात एकटीनं शिरायचं, दिवा आपणच लावायचा, याची मला आत्तापासूनच धास्ती आहे. अशाच एखाद्या संध्याकाळी मी तुला लिहीन, ये म्हणून. कारण काहीही देईन. ताप आला, मोटर बिघडली, काका छळतात. तू ते पत्र वाचशील आणि हातातलं काम तसंच टाकून निघशील, प्रयोग असला तरी निघशील. मी कितीही सांगितलं तरी तू ऐकणारी नाहीस, हे मला इथे बसून दिसतंय.

तरी सांगते. तेव्हा येऊ नकोस.

तुझी,
टाचणी